चीफ केळुसकरांचं हँडओव्हर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे चीफ केळुसकर कुठल्याही यंत्राची तब्येत स्क्रूड्रायव्हरने ऐकत. होय, ऐकत. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाशी लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोललं, तर दुसऱ्या हाताचं एक बोट वर व्हायचं. सबंध मजला गप्प करायला तेवढं बोट पुरे असे.

माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी ‘या, बसा’ म्हणेपर्यंत ते फ्रीजच्या मागे पोचले होते. बाहेर आले ते गंभीर चेहऱ्याने. “बापट, काँप्रेसर थकलाय. पण बिचारा प्रामाणिक आहे. अजून वर्षभर ओढेल.” बायको पोळी वाढता वाढता थांबली. त्या दिवसापासून ती फ्रीजचं दार हळू लावते.

चीफ हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव वसंत. पण मालाच्या जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून उभी हयात काढून ते इथे परदेशात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये स्थायिक झाले आणि हुद्दा बरोबर घेऊन आले. सुलभावहिनीसुद्धा त्यांना चारचौघांत चीफच म्हणत. रागावल्या की मात्र “अहो इंजिनवाले” अशी हाक यायची. त्यांच्या शेजारच्या मिसेस टॅनच्या वॉशिंग मशीनला एकदा स्क्रूड्रायव्हर लावून चीफ म्हणाले, “मॅडम, बेअरिंग फिनिश.” मिसेस टॅननी कपाळाला हात लावला. “आयो चीफ, स्टिल कॅन यूज ऑर नॉट?” चीफनी थोडा विचार केला. “कॅन. बट स्लो अहेड ओन्ली.”

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टचंही त्यांनी असंच निदान केलं होतं. लिफ्टवाल्यांनी हसून सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि आत कोण, तर चीफ! आम्ही घाबरून दाराशी गोळा झालो, तर आतून आनंदी आवाज आला, “सांगितलं होतं की नाही?” बाहेर काढल्यावर त्यांनी लिफ्टवाल्याशी हस्तांदोलन केलं.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक, “लाइन ट्रेस करा.” म्हणजे बिघाड झाला की अंदाज लढवत बसायचं नाही, पाइप जिथून निघतो तिथून बोट ठेवून शेवटापर्यंत जायचं. आणि दुसरं, “मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.” हे ते माझ्याकडे बघून म्हणत. मी पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो, त्यामुळे असेल.

तर एका रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला. “बापट, जरा वर या. इंजिनवाले सकाळपासून जेवले नाहीत.”

वर गेलो. जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी नवाकोरा काँप्युटर होता. जुना त्याच आठवड्यात जळून गेला होता. चीफनी सुटे भाग आणून हा स्वतः जोडला होता आणि त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती. का, तर “ज्या इंजिनाचं झाकण उघडता येत नाही, ते मी चालवत नाही.” एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी होती ती. पडदा झकास उजळला होता, आवाज येत होता, घड्याळ बरोबर चालत होतं. इंटरनेट तेवढं नव्हतं.

एरवी मी म्हटलं असतं, उद्या बघू. पण उद्या बघून चालणार नव्हतं. केळुसकरांची एकुलती एक मुलगी, मृणाल, बापाच्याच वाटेने गेलेली. ज्युनिअर इंजिनिअर म्हणून पहिल्याच जहाजावर होती. त्या दिवशी जहाज रॉटरडॅमला लागणार होतं. तिथल्या खलाशांच्या क्लबात काँप्युटर असतात. आमच्या संध्याकाळी ती तिथून बोलणार होती, आणि रात्री जहाज ब्राझीलकडे निघणार होतं. म्हणजे मग कित्येक आठवडे नुसतं पाणी.

“लाइन ट्रेस करतोय,” चीफ मान वर न करता म्हणाले.

आणि खरंच करत होते. टेबलाखाली शिरून त्यांनी केबल एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोटांनी चाचपली. मग ती काढून दुसरी लावली. लिनक्सने नेटवर्कचं कार्ड ओळखलंय का, ते पाहिलं. ओळखलं होतं. केबल जिथे खुपसतात तिथला हिरवा दिवा लागला होता. चीफनी काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि ओळी सरकू लागल्या.

“बघा. हा ओरडून विचारतोय, मला पत्ता द्या, मला पत्ता द्या. पत्ता मिळाला की इंटरनेट चालू. पण तिकडून कोणी ओ देत नाही.”

“तिकडून म्हणजे?”

“मॉडेम.”

मॉडेम म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली काळी पेटी. भिंतीतून येणारं इंटरनेट ती काँप्युटरला देते. त्या पेटीला सुतळीने एक लाल पुठ्ठा बांधलेला होता. इंजिन रूममध्ये बांधतात तसा. त्यावर चीफच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘बंद करू नये. हुकमावरून, चीफ इंजिनिअर.’ वहिनी धूळ पुसायच्या त्या पुठ्ठ्याच्या कडेकडेने. दोघं महिनाभर रत्नागिरीला जाऊन आले, तेव्हाही घरात फ्रीज बंद होता आणि ही पेटी चालू होती. मला वाटे, विक्षिप्तपणाच्या खात्यात हेही एक.

इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिकडून संगीत लागलं आणि लागूनच राहिलं. चीफनी स्क्रूड्रायव्हर आणून काँप्युटरला लावला. पंखा ठणठणीत होता. मॉडेमलाही लावला. “हा जागा आहे,” ते म्हणाले. “ऐकतोय. पण उत्तर देत नाही. काहीतरी मनात आहे त्याच्या.”

घड्याळ पुढे सरकत होतं. चीफ पुन्हा पुन्हा तीच केबल काढून लावत होते.  वहिनींनी पोह्यांची बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि शांतता सहन न होऊन मला जुनी गोष्ट सांगायला लागल्या.

“हे असेच बसले होते हो डर्बनला. नवीन जहाजावर चार्ज घ्यायला गेले, तर जुना चीफ आजारी होऊन आदल्याच दिवशी उतरलेला. हँडओव्हर झालंच नाही. आणि खालची माणसं यांचं काही ऐकायलाच तयार नाहीत! म्हणायची, आमचा साहेब दुसरा आहे.”

चीफचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला.

“सुलभा,” ते म्हणाले. “पुन्हा बोल.”

“काय?”

“आमचा साहेब दुसरा आहे!” चीफ उठून उभे राहिले. “बापट, हँडओव्हर झालेलं नाही! या मॉडेमने जन्मात एकच काँप्युटर बघितलाय. तो मेला, हे याला कोणी सांगितलंच नाही. हा अजून त्याचीच वाट बघतोय. नवा साहेब कितीही ओरडला, तरी हा ओ देणार नाही!”

“मग त्याला सांगायचं कसं?”

“ब्लॅकआउट. पूर्ण बंद करायचा. डोकं रिकामं झालं की मग चालू होताना जो पहिला दिसेल, तो साहेब.”

“एवढंच ना?” मी म्हणालो आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

“हात लावू नका!”

हा आवाज मी चीफच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते मॉडेमपाशी गेले. पुठ्ठा हातात धरला आणि नुसते उभे राहिले.

“मृणाल चांगी विमानतळावरून गेली ना, त्या संध्याकाळी बांधला त्यांनी तो,” वहिनी हळूच मला म्हणाल्या. “ती जन्मली तेव्हा हे समुद्रावर. मुलगी झाली, हे यांना कळलं पुढच्या बंदरात. आता ती कुठूनही, कधीही घरी हाक मारेल आणि घर बंद असेल, हे त्यांना चालत नाही.”

मी हात मागे घेतला. पुढे वहिनीच झाल्या. “अहो, तिचं जहाज अजून धक्क्याला लागतंय. आत्ताच वेळ आहे. सोडा ती गाठ.”

चीफनी सुतळी सोडली. पुठ्ठा घडी न करता शर्टाच्या खिशात ठेवला. आणि मग एकदम त्यांच्यातला चीफ जागा झाला. वहिनींना मॉडेमपाशी दिवे मोजायला उभं केलं, मला भिंतीवरच्या बटणापाशी, स्वतः काँप्युटरसमोर.

“स्टँड बाय!”

“स्टँड बाय,” मी म्हणालो. अकाउंट्समध्ये हे शब्द वापरायची वेळ येत नाही. मला बरं वाटलं.

“स्टॉप!”

मी बटण दाबलं. पेटीवरचे सगळे दिवे गेले. घर फार शांत झालं. चीफ ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते, बहुधा गणपतीचं नाव घेत होते.

“स्लो अहेड!”

बटण. वहिनी ओरडू लागल्या, “पहिला लागला... दुसरा लुकलुकतोय... स्थिर झाला... तिसरा! अहो, तिसरा लागला!”

चीफनी कळ दाबली. काळ्या पडद्यावर तीच ओळ आली, मला पत्ता द्या. आणि तिच्याखाली दुसरी ओळ आली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण चीफनी दोन्ही मुठी वर केल्या आणि “फुल अहेड!” अशी आरोळी ठोकली, ती मिसेस टॅनपर्यंत गेली असावी, कारण भिंतीपलीकडून विचारणा झाली, “चीफ, ओके ऑर नॉट?”

“ओके, मॅडम! हँडओव्हर कंप्लीट!” चीफनी मला मिठी मारली, वहिनींना मारली, आणि मग उरलेले पोहे उभ्याउभ्याच संपवले. माझ्याही नकळत मी टाळ्या वाजवत होतो.

संध्याकाळी स्पीकरमधून घंटी वाजली. मृणालच होती.

“बाबा!”

“लुब ऑइलचं प्रेशर किती?” चीफनी विचारलं. मुलगी एवढ्या दिवसांनी बोलतेय आणि हा पहिला प्रश्न! तिने आकडा सांगितला. ते समाधानाने हुंकारले. मग वहिनींनी मुद्द्याचं विचारलं, तब्येत कशी आहे.

“मजेत, आई. एकदम मस्त.”

चीफनी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. टोक स्पीकरला टेकवलं, मूठ कानाशी लावली आणि डोळे मिटले. मला हसू फुटणार, तेवढ्यात बोट वर झालं.

“बाबा,” तिकडून आवाज आला, “तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आधी.”

“बेअरिंगमध्ये आवाज येतोय,” चीफ म्हणाले.

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “थोडी सर्दी आहे. आणि घरची आठवण येते हो बाबा, इंजिन रूममध्ये सुद्धा. हे कोणाला सांगू नका.”

“लॉगमध्ये नोंद करत नाही,” चीफ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. “वॉचवरून सुटलीस की गरम पाणी पी. मलाही आठवण यायची. कोणाला सांगितलं नव्हतं.”

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि मी खिडकीतून खालचं पार्किंग बघू लागलो.

कॉल संपला. वहिनींनी दिवा लावला. चीफनी खिशातून लाल पुठ्ठा काढून मॉडेमला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि परत टेबलाशी येऊन डोळे मिटून बसले. स्पीकरमधून आता नुसती बारीक खरखर येत होती. मी “येतो, चीफ,” म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. स्क्रूड्रायव्हर पुन्हा स्पीकरलाच टेकलेला होता, आणि एक बोट वर होतं.