शांताआत्याची जास्तीची पत्रं

आमच्या शांताआत्याला ताप आला की ती दवाखान्यात शेजारणीला घेऊन जाते. सोबत म्हणून नाही, ताप खरोखरच आहे हे डॉक्टरांना सांगायला. डॉक्टर थर्मामीटर लावतात, ताप दिसतो, तरी आत्याचं समाधान होत नाही. "माह्या बोलन्यावर जाऊ नका, हिले इचारा," म्हणत ती शेजारणीला पुढे ढकलते.

साडीचा रंग गेला तर दुकानात ती दोन बायका नेते. भाजीत मीठ बरोबर पडलंय हे स्वतः चाखूनही तिला पटत नाही, आईनं 'हो' म्हणावं लागतं. डोणगावात आमच्या गल्लीत या साक्षीच्या कामातून कोणी सुटलेलं नाही.

आत्या बाबांची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडेच राहते. सासर होतं, सुटलं, एवढंच मला माहीत होतं.

बारावीनंतर मी पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज केला. त्यांनी शिक्षकांची दोन शिफारसपत्रं मागितली होती, ती मी जोडली. मुलाखतीला घरचं मोठं माणूस हवं होतं. बाबा शिक्षक, त्यांना परीक्षेमुळे सुटी मिळेना. आईचा पाय प्लॅस्टरमध्ये. म्हणून आत्या निघाली.

मुलाखतीच्या खोलीत मी खुर्चीत टेकते न टेकते तोच आत्यानं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. गावभर हिंडून तिनं माझ्यासाठी पत्रं गोळा केली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मॅडमनी वरचं पत्र मोठ्यानं वाचलं. ते गुरांच्या डॉक्टरांचं होतं. गाय अडली तेव्हा मुलगी न घाबरता बॅटरी धरून उभी राहिली, असं त्यात लिहिलं होतं. दुसरं एसटीच्या कंडक्टरचं. मुलगी म्हाताऱ्यांना जागा देते. तिसरं पिठाच्या गिरणीवाल्याचं. मुलगी दळणाला नंबर लावते, मध्ये घुसत नाही.

मॅडमशेजारी बसलेल्या सरांनी हसू दाबायला रुमाल तोंडाशी धरला. दार उघडंच होतं. बाहेर थांबलेल्या मुली मात्र काही दाबत नव्हत्या. माझे कान तापले. मी हळूच आत्याला म्हटलं, उचल ना ते सगळं.

"थांब वं," ती म्हणाली, "आनखी हायेत."

मॅडम समजुतीनं म्हणाल्या की दोनच पत्रं मागितली होती, जास्तीची आम्हाला धरता येत नाहीत. एवढी कशाला आणलीत, मावशी?

आत्या जराशी चपापली. मग भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलू लागली.

"बाईमानसाच्या एकटीच्या सांगन्यानं होत नाही, म्याडम. मी सासरहून मार खाऊन आली, त भावानं दारातच थांबवलं. म्हने, भांडून आली असशीन. मंग सासरचे शेजारी येऊन सांगून गेले, तवा घरात घेतलं. या पोट्टीवर तशी पाळी येऊ नये, म्हनून मी आधीच जमवून ठेवले."

सरांचा रुमाल खाली आला. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. आत्याला भाऊ एकच आहे.

मॅडमनी पत्रं बाजूला सारली आणि म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा, मुलगी कशी आहे? आत्या गडबडली. सवयीनं तिनं आजूबाजूला पाहिलं, पण तिथं तिच्या ओळखीची मी एकटीच होते.

"मी काय सांगू? मी त घरचीच. माह्या बोलन्यावर..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मॅडम, आत्या खोटं बोलत नाही," मी म्हणाले. "तिला सांगू द्या."

मग आत्या पुष्कळ बोलली. पदराशी चाळा करत, अडखळत, मध्येच माझी एक खोडही सांगून टाकत. कोणाला साक्षीला बोलावलं नाही.

मला प्रवेश मिळाला. तो गुरांच्या डॉक्टरांच्या पत्रामुळेच मिळाला, असं आत्या गल्लीत सांगत सुटली.

बाबांनी पेढे आणले. पहिला पेढा आत्याच्या हातावर ठेवून म्हणाले, "तू होती म्हनून झालं, बाई." म्हणताना ते तिच्याकडे नाही, भिंतीकडे पाहत होते. तिच्याशी ते नेहमी असेच बोलतात, नजर दुसरीकडे ठेवून. इतकी वर्षं मला वाटायचं, थोरल्या बहिणीचा मान ठेवतात.