दाजीबांची टोपी आणि सत्कार समिती

एका जंगलात, बाळांनो, टोपी घालणारे पुष्कळ होते. विणणारी मात्र एकच होती. तिचं नाव सगुणाबाई. जातीने साळिंदरीण. सुया विकत घ्यायच्या नाहीत, पाठीवरच्या दोन काढायच्या आणि बसायचं विणत.

लोकर ती बोरीच्या काट्यांवरून वेचायची. मेंढ्या चरून गेल्या की काट्यांना पुंजके अडकलेले असत.

तिच्या शेजारी सावरीच्या झाडावर दाजीबा नावाचे म्हातारे वानर राहायचे. तरुणपणी ते शेंड्यावर बसून बिबट्या दिसला की असे खाकरायचे, की सगळं जंगल सावध व्हायचं. किती हरणं, किती ससे त्या आवाजावर जगले! आता आवाज गेला होता, डोक्यावरचे केसही गेले होते. थंडी पडली की त्यांचं टक्कल निळसर व्हायचं.

सगुणाबाईने ठरवलं, काकांना टोपी करायची.

माप कसं घ्यावं? उवा बघायच्या निमित्ताने तिने त्यांच्या डोक्यावर पंजे फिरवले. टकलावर कसल्या आल्यात उवा! पण दाजीबांनी डोकं आणखी पुढे केलं. डोक्यावरून कुणी हात फिरवला की त्यांना बरं वाटायचं.

टोपी विणून झाली आणि सगुणाबाईचा चेहरा पडला. टोपी दिसत होती पावसात सापडलेल्या अळंबीसारखी. एका बाजूला फुगलेली, एका बाजूला चेपलेली.

पण लोकरीचं एक बरं असतं, बाळांनो. ओली केली की ती ऐकते. सगुणाबाईने टोपी भिजवली, अलगद पिळली आणि दाजीबांच्या डोक्याएवढ्या भोपळ्यावर चढवली. कडा सारख्या केल्या. आता एकच काम उरलं होतं. तिला हात न लावणं.

हे काम जंगलात कुणालाच जमत नसे.

सत्कार समितीचे चिटणीस धोंडोपंत कोल्हे तिथून चालले होते. ते थबकले. "सगुणाबाई, ही कुणाला?"

"दाजीबाकाकांना."

"वा! आमची समिती त्यांचा सत्कारच करणार आहे. शाल काही मिळाली नाही. टोपी समितीतर्फे देऊ. पण ही फार लहान दिसते हो."

"डोक्याएवढी आहे."

"डोक्याएवढी टोपी घरी. सत्काराची टोपी मागच्या रांगेतून दिसली पाहिजे." आणि कोल्ह्याने कड धरून ओढली.

मग अध्यक्ष हत्ती आले. ते म्हणाले, "आम्ही देतो ती वस्तू आम्हाला शोभली पाहिजे." त्यांनी सोंडेने आतून फुगवली. मोर म्हणाला, उंची हवी. त्याने शेंडा चोचीत धरून वर खेचला. मग ज्यांना टोपीतलं काही कळत नव्हतं त्यांनीही ओढली. न ओढावी तर समितीवर असून उपयोग काय?

"अहो, ओली आहे, सैल होईल!" सगुणाबाई म्हणत होती.

"वहिनी, तुम्ही विणलीत, झालं ना? आता आकाराचं आमच्यावर सोडा," कोल्हा म्हणाला.

सत्काराच्या दिवशी टोपी दाजीबांच्या डोक्यावर चढवली. ती कपाळावर थांबली नाही, नाकावर थांबली नाही. खांद्यावर येऊन टेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दाजीबांनी टोपीच्या आतून भाषण केलं. कुणाला अक्षर कळलं नाही, म्हणून ते फार गाजलं.

सगुणाबाई मात्र मागे उभी राहून पदराने डोळे पुसत होती. लोकांना वाटलं, आनंदाश्रू.

दुसऱ्या दिवशी ती झाडाखाली आली. दाजीबा पुन्हा उघड्या डोक्याने कुडकुडत बसले होते.

"काका, टोपी?"

"काढून ठेवली गं, सगुणे. घातली की दिसत नाही, आणि खालून वारा शिरतो. पण तू विणलीस ना, म्हणून उशाला घेतो."

हे ऐकून सगुणाबाई उठली. टोपी घेतली आणि गरम पाण्याच्या कुंडावर गेली. गरम पाण्यात घालून चोळली, चोळली. लोकर आटत गेली. मग ती भोपळ्यावर चढवून थेट बिळात नेली आणि दारात पाठ करून बसली. साळिंदरीची पाठ ती! दोघं-तिघं सल्ला द्यायला आले, पण जवळ कुणी आलं नाही.

टोपी वाळली. दाजीबांच्या कानांवर अशी बसली, जणू तिथेच उगवली. म्हाताऱ्याने दोन्ही हात कानांवर दाबून पाहिले. मग म्हणाला, "ऊब लागतेय गं."

गोष्ट इथे संपली असती. पण धोंडोपंतांनी टोपी पाहिली आणि लगेच सभा भरली.

"सत्कारात ही टोपी खांद्यापर्यंत येत होती," कोल्हा गरजला. "आता कानाशी थांबते! मधली लोकर कुणी खाल्ली?"

सगळ्यांनी सगुणाबाईकडे पाहिलं. "तिच्या सुया जप्त करा!" कुणीतरी ओरडलं. बिचारीच्या पाठीवरचे काटे थरथरू लागले. गरम पाण्याचं सांगावं, तर टोपी कुणी बिघडवली हेही सांगावं लागणार. आणि ते ऐकायला बसली होती बिघडवणारीच मंडळी.

तेवढ्यात दाजीबा काठी टेकत उठले.

"मंडळी, टोपी तीच आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "लोकर कुठे गेली नाही. डोकं वाढलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही माझा सत्कार केलात. हार घातलात, टाळ्या वाजवल्यात. त्या रात्रीपासून डोकं जे मोठं व्हायला लागलं, ते टोपी भरूनच थांबलं. तुमचे एवढे सत्कार झालेत. तुम्हाला अनुभव नाही?"

हत्तीने हळूच आपल्या कपाळावरून सोंड फिरवली. मोराने तुरा चाचपला. आपल्याला अनुभव नाही, असं कोण म्हणणार?

"आहे, आहे! चांगलाच आहे," हत्ती घाईघाईने म्हणाले.

चौकशी बंद झाली. उलट समितीने सगुणाबाईचे आभार मानले, कारण तिने पुढचा विचार करून टोपी सैल ठेवली होती. तिचाही सत्कार करावा, असा ठराव आला. तो मंजूर होण्याआधीच सगुणाबाई बिळात शिरली आणि तिने दाराशी पाठ केली.

तात्पर्य : टोपी सैल होत असेल, तर दोष टोपीचा नसतो, विणणारीचा नसतो आणि ओढणाऱ्यांचा तर मुळीच नसतो. सत्कार कमी पडलेला असतो.