पामला रोज एक मग पाणी

"ज्योतीराम, झाडं आली का रे?" उद्धवरावांनी सकाळपासून अकराव्यांदा विचारलं.

"निघालीत शेठ. टेम्पो कासारवाडीत अडकलाय."

"अडकलाय? अरे, मॅडम साडेदहाला येणारेत!"

उद्धवरावांचा जीव टांगणीला लागला होता. भोसरीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं ते दुसऱ्यांच्या नावाने ब्रॅकेट बनवत आले होते. आता कुठे चाकणची एक बडी कंपनी थेट त्यांना ऑर्डर द्यायला तयार झाली होती. अट एकच, आजचं ऑडिट पास व्हायचं. मशिनं चकाचक होती, माणसांच्या पायात नवे बूट होते, पण तपासणीच्या यादीत 'बागबगीचा' म्हणून एक रकाना होता आणि वर्कशॉपच्या पुढच्या अंगणात गवताची काडी नव्हती.

त्यावरचा उपाय मात्र गल्लीत सगळ्यांना पाठ होता. ऑडिटच्या सकाळी नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणायच्या आणि संध्याकाळी परत धाडायच्या. नर्सरीतल्या एका क्रोटनच्या झाडाने तर इतकी ऑडिटं पाहिली होती, की त्यालाच ऑडिटरच्या खुर्चीत बसवलं असतं तरी चाललं असतं.

आणि झाड आलं म्हणजे त्याच्या रोजच्या नोंदींचं चेकशीट आलंच! चेकशीट नसलेली वस्तू कारखान्यात नसल्यातच जमा. ते काम ज्योतीरामकडे. मशिनवर तो यथातथाच होता, पण मागच्या तारखांची कागदपत्रं भरावीत तर त्यानेच. दोन दिवस बसून त्याने सहा महिन्यांचं पाणी घातलं, सगळं कागदावर. तीन वेगवेगळी पेनं वापरली, मधल्या पानांना ऑइलचे अंगठे लावले, एका पानावर चहासुद्धा सांडला. दर महिन्याला झाडांची उंचीही मोजून टाकली.

टेम्पो आला सव्वादहाला. कुंड्या धडाधड दाराशी मांडल्या गेल्या आणि पाठोपाठ कंपनीच्या ऑडिटवाल्या मिनल मॅडमची गाडी आत शिरली. पोरगेलीशी बाई, हसतमुख. मशिनं, हत्यारं, मोजमापं सगळं तासाभरात पास झालं. उद्धवरावांना तर आतल्या आत शिट्टी वाजवावीशी वाटत होती.

"आता बाग बघू या," मॅडम एकदम खुलल्या. "हा माझा आवडता विषय. मी मूळची उद्यानविद्येची पदवीधर ना!"

उद्धवराव घाईघाईने कुंड्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"या पामला पाणी किती घालता?"

"रोज एक मग. चुकायचं नाही."

"खत?"

"शेणखत. गावाकडून मागवतो."

"आणि उंची वाढली साडेचार इंच," मॅडमनी चेकशीट वाचलं. मग वाकून एक पान दोन बोटांत चोळलं आणि उलटं करून पाहिलं. "सर, हा पाम प्लास्टिकचा आहे."

वर्कशॉपमध्ये कुणाच्या तरी हातून पाना खाली पडला. ज्योतीराम शेठच्या कानाशी लागला, "खरे पाम आज चाकणला दुसऱ्या ऑडिटला गेलेत म्हणं. नर्सरीवाल्यानं लग्नाच्या स्टेजवरचे टाकले वाटतं!"

"आधी बघायला काय झालं होतं तुला?" उद्धवराव दातओठ खात कुजबुजले आणि मॅडमकडे वळून हसले. "तो एक चुकून आला असंल. बाकीच्यांना मी स्वतः पाणी घालतो."

"गुरुवारीसुद्धा सह्या आहेत. गुरुवारी तर इकडे सुट्टी असते."

"झाडांना कसली सुट्टी, मॅडम! मी खास येतो."

"वा! कुठल्या नळाचं पाणी?"

"मागच्या," उद्धवराव बोलून गेले.

"दाखवा."

झालं! शेडच्या मागे उद्धवरावांनी वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. तिथे भंगाराचा ढीग असणार, नळ तरी असेल की नाही देव जाणे. पण मॅडम पुढे निघाल्या होत्या.

शेडमागे वळताच दोघंही थबकली. रिकाम्या ऑइलच्या ड्रमांची रांग लागली होती आणि प्रत्येक ड्रम हिरवागार. वांगी लटकली होती, मेथी दाट उगवली होती, लिंबाला लिंबं होती, झेंडू फुलला होता. भिंतीवर मनीप्लांट चढवला होता. मधोमध वर्कशॉपची झाडलोट करणाऱ्या भिमाबाई हातात मग घेऊन उभ्या होत्या.

"शेठ, तुमी इकडं?" त्या म्हणाल्या. "वाट चुकलाव का?"

उद्धवरावांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मॅडम मात्र ड्रमामागून ड्रम पाहत सुटल्या. "अहो, फळझाड आहे, भाजीपाला आहे, फुलं आहेत, शोभेची वेलसुद्धा! उद्यानविद्येच्या एवढ्या शाखा एका शेडमागे? बाई, कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? डबा खाऊन झाला की बी खोचायचं."

मॅडम बऱ्याच वेळाने परतल्या, तोंडात कच्ची मेथी चघळत. "बाग पास," त्या म्हणाल्या. उद्धवराव टाळी वाजवणार, एवढ्यात पुढचं वाक्य आलं. "नोंदी नापास. महिनाभर खरी नोंद ठेवा. पाणी तुम्ही घालायचं, तपासून सही भिमाबाई करतील. मग ऑर्डर."

आणि महिनाभर भोसरीने एक नवल पाहिलं. रोज सकाळी बरोबर सात वाजता शेठ हातात मग घेऊन हजर, आणि भिमाबाई मातीत बोट खुपसून उभ्या. नऊ वेळा त्यांनी सही नाकारली. दोनदा तर शेठनी लिंबाला इतकं पाणी पाजलं, की भिमाबाईंनी त्यांनाच ड्रम तिरका करून पाणी उपसायला लावलं.

शेवटच्या दिवशी मॅडम मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून बसल्या होत्या. सगळं वर्कशॉप मागे जमलं. भिमाबाईंनी वांग्याच्या ड्रमात बोट घातलं आणि मान हलवली. "वरूनच भिजलंय. न्हाई करत सही."

"भिमाबाई, अहो, ऑर्डर हाय समोर!"

"मंग मुळापस्तोर घाला की!"

उद्धवराव धावले, नळावर घसरले, सावरले, मगावर मग भरून घेऊन आले. पुन्हा बोट मातीत गेलं. भिमाबाईंनी सावकाश पदराला हात पुसला आणि ठसठशीत सही केली.

"ऑर्डर तुमची!" मोबाइलमधून मॅडम ओरडल्या. एकच गलका झाला. ज्योतीराम नाचायलाच लागला. उद्धवरावांना तर भरून आलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून हातातला मग भिमाबाईंच्या हवाली केला.

भिमाबाईंनी तो परत त्यांच्याच हातात दिला. "उद्या सातला या. मिरचीला आळं करायचंय."

"अहो पण, ऑडिट संपलं!"

"वांग्याला सांगून बघा," भिमाबाई म्हणाल्या आणि झाडू घेऊन कामाला लागल्या.