सगळ्यांना तुम्ही

जुबेदाखाला गाढवालाही तुम्ही म्हणायच्या. दुबईतल्या बर दुबई भागातल्या आमच्या गल्लीत पाण्याचे डबे आणणारं गाढव दारात अडलं, की खाला खिडकीतून आर्जव करायच्या, "जरा बाजूला होता का? मुलींना आत येऊ द्या." गाढव हलायचं नाही. मुली त्याला वळसा घालून माझ्या बैठकीच्या खोलीत शिरायच्या. हो, माझ्याच. साठच्या दशकात वीज आमच्या घरापर्यंत आली होती, मागच्या अंगाला खालांच्या खोलीपर्यंत नव्हती. म्हणून त्यांचा फुकटचा शिवणवर्ग चार दिवसांसाठी माझ्याकडे आला आणि ठाण मांडून बसला.

खाला आमच्याच रत्नागिरीकडच्या. आईबाप लहानपणी गेले आणि त्या वाढल्या क्वेकर पंथाच्या दोन इंग्रज मडमांनी गरीब मुलींसाठी काढलेल्या शिवणशाळेत. तिथे सुई धरण्याआधी सगळ्यांनी गप्प बसायचं. कपड्याला झालर, लेस लावायची नाही. देवापुढे लहानमोठं कुणी नाही, म्हणून कलेक्टर असो की झाडूवाली, सगळ्यांना तुम्ही. पुढे मडमा गेल्या, शाळा बंद पडली. नियम तेवढे खालांबरोबर बोटीत बसून दुबईला आले.

त्या गप्प बसण्याने माझा जीव जायचा. एकदा दूध उतू चाललेलं पाहून मी ओरडले, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "आता पुन्हा पहिल्यापासून बसू या."

माझ्या नसीमला ईदच्या झग्याला झालर हवी होती. खालांनी सात वर्षांच्या पोरीला सांगितलं, "झालर कशाला? तुम्ही स्वतःच झालर आहात." ती नाचत आली, "ममी, खाला सेज आय ॲम द झालर." तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. दुसऱ्या दिवशी मी 'जेव गं' म्हटलं, तर म्हणते, "ममी, से 'जेवा'."

तशात सासूबाई मुंबईहून बोटीने निघाल्या. खोली हवी होती. खालांना कितीदा सांगितलं, पण उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, होईल काहीतरी. तुम्ही काळजी करू नका." वर्ग गेला तर या बाईला अंधारी खोली आणि शिवणयंत्र एवढंच उरणार, हे मला कळत होतं. त्यामुळे तर मी जास्तच चिडायचे.

सासूबाई यायच्या आदल्या दुपारी मी शेवटचं सांगायला गेले, तर सगळ्या डोळे मिटून बसलेल्या. मी थांबले. आणखी थांबले. मग तोल गेला.

"खलास, खाला. तू आता माझा अंत पाहू नकोस."

मुली दचकल्या. मीच जीभ चावली. माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी तू म्हटलं होतं.

खालांनी डोळे उघडले. ते भरून आले होते.

"आई गेल्यापासून मला कुणी तू म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण."

म्हणा नाही. म्हण. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी असं पहिल्यांदाच बोलल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडू यायला लागलं.

सासूबाईंची गादी आमच्या झोपायच्या खोलीत घालायची ठरवली. नवऱ्याला काय सांगायचं ते नंतर बघू.

"उद्या वेळेवर ये," मी म्हटलं. "आणि पोरीच्या झग्याला झालर लाव."

"येईन गं," ती म्हणाली. "पण झालर लावणार नाही."