प्रवासाचा उद्देश : बसणे

शिल्लक रजा ठरलेल्या मुदतीत वापरली नाही तर ती बुडते, असा नियम आहे. माणूस बुडायला लागला तर निदान काठावर गर्दी तरी जमते. बुडत्या रजेला कोणी वाली नसतो. म्हणून पाहणीसाहेब आणि त्यांच्या पत्नी यांनी साधकबाधक विचार करून असं ठरवलं, की सुट्ट्यांना रजा जोडावी आणि युरोपातल्या एका सुप्रसिद्ध राजधानीत चार दिवस स्थळदर्शन करून यावं.

पाहणीसाहेब नगरपालिकेत पाहणी अधिकारी होते. ऑफिसात, नात्यात, अगदी दूधवाल्याकडेही त्यांना पाहणीसाहेबच म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. त्यांच्या पत्नी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात बसत. सकाळी टेलिफोन उचलायचा तो पाणी आलं नाही हे ऐकायला. मग आलं ते गढूळ आलं हे ऐकायला. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शेजाऱ्याकडे जास्त आलं हे ऐकायला. बरं, घरी आल्यावर सुटका म्हणाल तर तीही नाही. बाई शांतपणे ऐकून घेतात अशी ख्याती झाली, की नातेवाईकसुद्धा सासवांपासून सांधेदुखीपर्यंत सगळं त्यांच्याच कानात ओततात.

त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर त्या राजधानीचं चित्र. नदी, नदीवर पूल, काठाला हिरवा बाक आणि बाकावर कोणीही नाही. महिना सरला, वर्ष सरलं, पण बाईंनी ते पान काही उलटलं नाही. बेत ठरला त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला आपली एकुलती एक मागणी सांगितली.

"मला त्या बाकावर बसायचंय. माझ्याशी कोणी काही बोललं तरी मला एक अक्षर कळणार नाही, अशा ठिकाणी. बाकी तुम्ही म्हणाल ते पाहू."

पाहणीसाहेबांनी हे मन लावून ऐकलं आणि 'इतर किरकोळ बाबी'मध्ये जमा केलं.

आता त्यांच्या खात्याची काम करण्याची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. त्या खात्यात आधी अहवाल लिहितात आणि मग पाहणीला जातात. नवखे लोक उलटं करतात आणि गोत्यात येतात. कारण माणूस प्रत्यक्ष जागेवर गेला की त्याला तिथे भलतंसलतं दिसतं, आणि जे दिसतं ते अहवालात बसत नाही. पाहणीसाहेबांनी एकदा एका पादचारी पुलाची पाहणी करून 'स्थिती समाधानकारक, कठडे मजबूत' असा अहवाल दिला होता. पूल तेव्हा बांधायचा होता. पुढे तो बांधलाच गेला नाही, त्यामुळे अहवालात आजतागायत कोणाला चूक काढता आलेली नाही. या कामाबद्दल साहेबांचा सत्कार झाला होता आणि सत्काराची शाल अजून कपाटात होती.

तर त्याच शिस्तीत ते सहलीला भिडले. पहिली पायरी म्हणजे जाणकारांची मतं घेणं. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य त्या राजधानीला जाऊन आले होते. साहेब दाढ दाखवायला गेले, तोंडात कापसाचे बोळे बसले आणि मग डॉक्टरांनी मनोऱ्याचा विषय काढला. मनोऱ्यावर चढला नाहीत तर गेलात कशाला, असा त्यांचा एकंदर सूर होता. साहेबांना गुडघ्यांबद्दल दोन शब्द बोलायचे होते; पण कापूस होता. मनोरा मंजूर झाला.

मग मेहुणा आला. त्याने संग्रहालयातल्या एका जगप्रसिद्ध चित्राची शिफारस केली. चित्र फार लहान आहे, काचेआड आहे, समोर एवढी झुंबड असते की पुढच्याच्या टकलापलीकडे काही दिसत नाही, हे सगळं त्यानेच सांगितलं. "पण भाऊजी, ते नाही पाहिलं तर लोकांना काय तोंड दाखवाल?" बाईंच्या थोरल्या बहिणीने राजवाड्याचा आग्रह धरला. ती स्वतः गेली नव्हती, पण तिच्या सुनेचे आईवडील गेले होते आणि राजवाडा न पाहता आले होते. त्यांची कशी फजिती झाली, हे ती मिटक्या मारत सांगे.

या तिन्ही बैठकांतून साहेबांच्या एक गोष्ट लख्ख ध्यानात आली. परत आल्यावर ही मंडळी विचारणार. 'हे पाहिलंत का, ते पाहिलंत का' असं विचारणार, आणि तेव्हा 'हो' म्हणता आलं पाहिजे. स्थळदर्शनाचा सारा खटाटोप त्या 'हो'साठी असतो. मग एकेका 'हो'ची तजवीज सुरू झाली. मनोरा, चित्र, राजवाडा, राजवाड्यासमोर बदलणारे पहारेकरी, जुना बाजार, नवा बाजार, कोणीतरी थोर माणूस जिथे उतरला होता ते हॉटेल, आणि त्याच्याशी न पटल्यामुळे दुसरा थोर माणूस जिथे उतरला होता ते समोरचं हॉटेल.

यात बाकाची आबाळ झाली, हे उघड आहे. आधी बाकाला अख्खी संध्याकाळ होती. पहारेकरी आले तशी ती अर्धी झाली. जुन्या बाजाराने उरलेली खाल्ली. मग बाक 'बुटाची नाडी सुटल्यास' या सदरात गेला. बाईंनी विचारलं तेव्हा साहेबांनी समजूत काढली, की बसस्टॉपवर बाक असतोच, बाक तो बाक, आणि शिवाय तिथून बसही मिळते. बाईंनी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. पण त्या दिवशी त्यांना रडू आलं. त्या न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

साहेबांनी दुसरीकडे अहवाल लिहून हातावेगळा केला. भाषा अर्थातच भूतकाळाची. 'मनोऱ्यावरून शहराचे विहंगम दृश्य पाहिले, समाधान वाटले. चित्र पाहिले, अपेक्षेपेक्षा लहान आढळले. राजवाडा आतून पाहिला, स्वच्छता ठीक.' शेवटी शेरा : 'भेटीचा हेतू पूर्णपणे सफल झाला.' व्हिसाच्या अर्जाला प्रवासाची माहिती जोडायची होती, तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने हा अहवालच जोडला.

व्हिसाच्या ऑफिसात काचेपलीकडे एक तरुण कारकून बसला होता. त्याने अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाचला. मग त्याने साहेबांकडे असं पाहिलं, जसं साहेब आजवर इतरांकडे पाहत आले होते.

"तुम्ही जाऊन आलात," तो म्हणाला.

"छे, अजून जायचंय," साहेब म्हणाले.

"इथे हेतू पूर्णपणे सफल झालाय. सफल झालेल्या हेतूसाठी पुन्हा प्रवेश देता येत नाही."

साहेबांनी समजावून पाहिलं, की ही केवळ पद्धत आहे. अहवाल आधी, पाहणी नंतर. कारकून म्हणाला की आमच्याकडेही तीच पद्धत आहे आणि तुमच्या नकाराचं पत्र सकाळीच तयार झालंय. या कार्यक्षमतेपुढे साहेबांनी आपले कागद आवरले. मनातून थोडा आदरही वाटला.

मग बाईंचा अर्ज निघाला. त्यांनी नवऱ्याचा अहवाल जोडला नव्हता. प्रवासाचा उद्देश या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एकच शब्द लिहिला होता : बसणे.

"कुठे बसणे?" कारकुनाने विचारलं.

"नदीकाठी. बाकावर."

"आणि मग?"

"मग उठणे."

कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात नोकरी करणे, शिकणे, लग्न करणे, अवैधरीत्या राहणे, सगळ्याला हरकती होत्या, बसण्याला नव्हती. त्याने शिक्का मारला.

घरी येईपर्यंत ही बातमी सगळ्यांना पोचली होती आणि सगळे जमले होते. एकटी बाई परदेशात जाणार म्हणून थोरल्या बहिणीने डोळ्याला पदर लावला. मेहुण्याने सुचवलं की तिकिटं रद्द करावीत. दंतवैद्यांची चिंता वेगळी होती : वहिनी एकट्या मनोऱ्यावर चढतील का? सगळ्यांचं बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मी जाते." आवाज तोच होता, ज्या आवाजात त्या लोकांना सांगत की तुमच्या भागात उद्या पाणी येणार नाही. त्यावर कोणाची काय बिशाद.

त्या गेल्या आणि साहेबांची खरी पंचाईत झाली. त्यांची रजा 'परदेश प्रवास' या कारणासाठी मंजूर होती. म्हणजे सरकारदरबारी ते युरोपात होते. गल्लीत दिसले असते तर ती गंभीर अनियमितता ठरली असती. मग त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, शिंक आली तर उशीत शिंकले आणि राजधानीतला मुक्काम घरच्या सोफ्यावर सुरू केला. दंतवैद्य गुपचूप दूध आणून देत. बदल्यात साहेब त्यांना मनोऱ्याबद्दल सांगत. आणि काय सांगत! अहवाल तोंडपाठ होताच, वर थोडा मीठमसाला. शेवटी शेवटी मनोऱ्यावरचा वारा आपल्या कानांना लागला होता असं साहेबांना आठवू लागलं, आणि त्यांनी खरोखरच कानाला मफलर गुंडाळला. मात्र दिवेलागणीला घर गप्प झालं की त्यांना करमेना. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले, नुसतेच. काय करायचं ते सुचेना म्हणून थोड्या वेळाने उठले.

बाई परतल्या त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे प्रश्न घेऊन आले होते. पहिला मान दंतवैद्यांचा.

"वहिनी, मनोरा?"

"असेल. माझ्या पाठीमागे होता वाटतं."

मेहुण्याने चित्राचं विचारलं. नाही. बहिणीने राजवाड्याचं विचारलं. तोही नाही. मंडळी एकमेकांकडे अशी पाहू लागली, जशी कोणाच्या आजाराचं निदान ऐकल्यावर पाहतात. मग चार दिवस केलं काय, असं बहिणीने कसंबसं विचारलं.

"बसले," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "एक म्हातारे गृहस्थ रोज शेजारच्या बाकावर यायचे आणि माझ्याशी तासन्‌तास बोलायचे. तक्रारच असणार, आवाजावरून कळतं ना. पण एक अक्षर समजलं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."

अखेर साहेबांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. मनोऱ्यावरून शहर कसं दिसतं, चित्र कसं अपेक्षेपेक्षा लहान आढळतं, राजवाड्यात आतून स्वच्छता कशी ठीक असते. बघता बघता मंडळींच्या जिवात जीव आला. खुर्च्या साहेबांकडे वळल्या. हे गेलेच नव्हते, ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती, पण ती कोणाच्या आड आली नाही. दंतवैद्यांनी तिथल्या तिथे रविवारी नगरवाचनालयात साहेबांचं व्याख्यान ठरवून टाकलं, आणि वहिनींची ही फेरी धरायची नाही, त्यांनी एकदा नीट जाऊन यावं, असं सर्वानुमते ठरलं.

सगळे गेल्यावर साहेब पत्नीपाशी येऊन बसले. बराच वेळ मफलरशी चाळा करत राहिले.

"बाकावर... दोघांपुरती जागा होती का गं?"

"होती. मी तिथे पिशवी ठेवायचे. दुसरं कोणी बसू नये म्हणून."

साहेबांना यावर काहीच शेरा सुचला नाही. रविवारचं व्याख्यान रद्द करून टाकावं असंही त्यांच्या मनात आलं. पण दंतवैद्य जातानाच निमंत्रणपत्रिकेचा मजकूर छापायला घेऊन गेले होते, आणि व्याख्यान उत्तम झाल्याचं वृत्त साहेबांनी त्यांच्याच हाती लिहून दिलं होतं.

तुम्ही हसताय, हसा. पण खरं सांगा, बाई म्हणाल्या मनोरा पाठीमागे होता, तेव्हा तुमच्याही मनात आलंच ना, की अहो, निदान मान वळवून एकदा बघायचा तरी? आलं असेल तर रविवारी वेळेवर या. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखून ठेवली आहे, आणि तुम्ही व्याख्यान अगदी मन लावून ऐकलंत, असं वृत्तात आधीच छापून आलेलं आहे.