बकारामजींचा घसा आणि धुऱ्यावरची तूर

बकारामजी सकाळी अंगणात येऊन शिव्या द्यायला लागले की लाखनीच्या हायवेवरचे ट्रक बाजूला घेतले जात. ड्रायव्हरांना वाटे, मागून रुग्णवाहिका येते आहे. यात मी वाढवून सांगितलं असेल तर एखादाच ट्रक.

शिव्या शेजारच्या श्रावणजींना. दोघांच्या धानाच्या शेतांमध्ये मातीच्या बांधाचा एकच धुरा, आणि त्या धुऱ्यावर तूर कोणी लावायची, हे भांडण माझ्या जन्माआधीचं. एकमेकांच्या घराची पायरी चढायची नाही, ही दोघांची शपथ. मागल्या वर्षी श्रावणजींना लकवा मारला, ते खाटेला खिळले. तरी बकारामजींच्या शिव्या कमी झाल्या नाहीत. उलट कुंपणाला चिकटून द्यायला लागले. माणूस आहे की विंचू, असं सारी गल्ली म्हणायची. मी त्यांचा पुतण्या, त्यांच्याच घरात राहणारा; मीही म्हणायचो, जरा हळू.

यंदा त्यांचा आवाजच बसला. डॉक्टर म्हणाले, पोटातलं आम्ल वर येऊन घसा पोळतो आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, मिरची बंद, जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा.

"दुखणं माह्या पोटात, अन् विटा खाटेले?" बकारामजी माझ्यावर फुसफुसले. "कोणत्या शाळेत शिकला बे तो?"

विटा लागल्या. रोज सकाळी ते घसरून पायथ्याशी गोळा झालेले सापडत. बिनमिरचीची वांग्याची भाजी बघून त्यांनी असे डोळे वटारले की चुलीतला जाळ विझला. राग होता तेवढाच, पण आवाज पंक्चर झालेल्या सायकलचा. कोंबड्यासुद्धा भिईनात.

अशात श्रावणजींची बायको, यमुनाकाकू, माझ्याकडे आली.

"बकारामभाऊले काय झालं गा? त्याहीचा आवाज नाही, तं आमचे हे जेवूनच नाही राहिले. मेला का तो, म्हणून पुसून राहिले."

मी हे बकारामजींना सांगितलं. ते उठून कुंपणाशी गेले, तोंड उघडलं, नुसती हवा निघाली.

"तू जा," शेवटी म्हणाले. "माह्या नावानं दे शिव्या."

माझ्याकडून त्यांनी त्या चालीसकट पाठ करून घेतल्या. मी श्रावणजींच्या खाटेजवळ उभा राहून म्हणून दाखवल्या, शाळेत हजेरी घेतात तशा. श्रावणजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ताट तसंच राहिलं.

"एक काम धड होत नाही तुह्यानं," बकारामजी म्हणाले. चपला पायात सरकवल्या, ती पायरी चढले, आणि श्रावणजींच्या कानाशी वाकून फुसफुसले, "साऱ्या तुरी उपटून नेईन. समजलं का बे?"

श्रावणजींनी मान वळवली. अर्धं तोंड हललं.

"तूर... माही."

"तुह्या बापाची," बकारामजी म्हणाले, आणि खाटेच्या कडेला टेकून ताटातला भात कालवायला घेतला.