मोतुलेका रग्बी संघाचा अपराजित इतिहास

मोतुलेका या देशाचा रग्बी संघ आजवर एकही सामना हरलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे सत्कारांच्या गडबडीत ते राहून जातं.

मोतुलेका कुठे आहे, असं मंडळाचे काही सभासद अजूनही विचारतात. तो पॅसिफिक महासागरात आहे. वस्ती आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हाउसिंग सोसायटीएवढी. नारळ, मासे आणि झेंडा ही देशाची उत्पन्नाची साधनं. झेंडा अशासाठी की जगातली पुष्कळ जहाजं मोतुलेकाच्या झेंड्याखाली चालतात. कर कमी बसतो आणि प्रश्न कोणी विचारत नाही. या झेंड्याची कामं बघणारं आखातातलं एकमेव ऑफिस शारजात, अल मजाजला, एका लाँड्रीच्या वर होतं. मॅनेजर वसईचे ॲल्फ्रेड लोपीस आणि हिशेब बघणारा मी, अनिल खानोलकर. लोपीससाहेबांना त्या देशाने आपला मानद वाणिज्यदूत नेमलं होतं. साहेबांनी देश पाहिला नव्हता आणि देशाने साहेबांना पाहिलं नव्हतं, त्यामुळे संबंध अतिशय सलोख्याचे होते.

याखेरीज मी आमच्या मराठी मंडळाचा सरचिटणीस आणि स्मरणिकेचा तहहयात संपादक आहे. पुढे जे झालं त्यात या पदांचा मोठा वाटा आहे, असं मी नम्रपणे नमूद करतो.

सत्त्याण्णव साली एका गुरुवारी दुपारी ऑफिसात तोलुआ आला. रास अल खैमाच्या सिमेंटच्या जेटीवर टगबोटीवर काम करणारा हा तिशीचा मोतुलेकन गृहस्थ आमच्या दारातून आडवा होऊनच आत येऊ शकला. बोटीवरच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, त्याला हिंदी शिकवली होती.

"अनिलभाई, मेरे को रग्बी खेलना है," तो म्हणाला. "मेरे कंट्री के वास्ते. एक मॅच. बस."

"क्यूं?" मी विचारलं. सरचिटणिसाने कारण विचारायचंच असतं.

"मेरा बाप का टीम रेडी था. सेव्हंटी वन में. सब लोग जर्सी पेहेनके जेटी पे बैठा, शिप का वेट किया. दूसरा आयलंड पे मॅच था. शिप आया नहीं. खलास. हमारा कंट्री कभी खेला ही नहीं." त्याने खिशातलं फोन कार्ड टेबलावर ठेवलं. "बाप अभी बुढ्ढा है. फोन करता तो एकही बात पूछता. खेला क्या?"

त्याचे भाऊ आणि चुलतभाऊ मिळून सहा जण त्याच जेटीवर कामाला होते. दुबईत एक इंग्रजी क्लब दर डिसेंबरात सात-सात जणांच्या रग्बीची स्पर्धा भरवायचा. म्हणजे संघ होता, स्पर्धा होती, आईने शिवून पाठवलेल्या निळ्या-पिवळ्या जर्स्या ट्रंकेत होत्या. देशाच्या रग्बी संघटनेचं एक पत्र तेवढं हवं होतं आणि देशात रग्बी संघटना नव्हती.

"अरे, सिंपल आहे," लोपीससाहेब म्हणाले. "लेटरहेड आपल्याकडे आहे. एक लाइन टाइप कर, स्टॅम्प मार, यल्ला, चल लाग कामाला."

मोतुलेकाचा इतिहास तिथेच संपायचा, पण मी वेळीच हात वर केला. "साहेब, संघटना म्हटली की कार्यकारिणी पाहिजे."

शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे बैठक आमच्या घरी झाली. माझी पत्नी उर्मिला हिने साबुदाणे वडे केले होते, त्यामुळे मोतुलेकाच्या रग्बीविषयी आस्था असलेले लोक अपेक्षेपेक्षा खूपच निघाले. अध्यक्षपदासाठी लोपीससाहेबांचं नाव आलं. लगेच मुरलीधर सबनीस उठले. हे आमचे ज्येष्ठ सभासद. त्यांचं म्हणणं, लोपीससाहेब मंडळात नंतर आले. साहेबांचं म्हणणं, देश माझ्या ऑफिसचा आहे. वाद वर्षभर चालला, त्यात त्या डिसेंबरची स्पर्धा होऊन गेली. शेवटी कार्याध्यक्ष असं नवं पद निघालं आणि दोन्ही बाजूंना न्याय मिळाला. तोलुआला कार्यकारिणीत घेता आलं नाही. खेळाडूंनी प्रशासनात पडू नये, असं आमच्या घटनेतच आहे.

"अनिलभाई, खेलना कब?" त्याने फोनवर विचारलं.

"नेक्स्ट डिसेंबर. इन्शाल्ला."

पुढच्या वर्षी क्लबने आमच्या अर्जावर एक साधी विचारणा केली. आपल्या संघाचा इतिहास चार ओळींत कळवावा. आता, ज्या माणसाने आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची मूर्ती ठरायच्या आधी त्याच्या गौरवशाली परंपरेवर लेख लिहिला होता, त्याच्याकडे इतिहास मागणं म्हणजे काय, याची त्या इंग्रजांना कल्पना नसावी. त्यांनी चार ओळी मागितल्या. मी ग्रंथ दिला.

तोलुआ म्हणाला, जेटीवरची हकीकत लिहा. मी ती पुन्हा एकदा सहानुभूतीने ऐकून घेतली. पण तिच्यात विजय नव्हता, प्रमुख पाहुणे नव्हते, समारोपाचं भाषण नव्हतं. न आलेल्या जहाजावर कोणी इतिहास लिहितं का? मी संघाची स्थापना एकाहत्तर साली केली, आजूबाजूची सगळी बेटं हरवली आणि दर काही वर्षांनी एक कर्णधार बदलला. कर्णधारांना नावं लागतात आणि मला मोतुलेकन नावं सातच माहीत होती. तेव्हा मोठ्या मनाने संस्थापक-कर्णधार म्हणून मी तोलुआचंच नाव घातलं. त्याच्या भावांना त्याच पहिल्या संघातून पुढच्या कर्णधारपदांवर बसवलं.

लोपीससाहेबांनी मसुदा वाचून चष्मा काढला. "अनिल, सेव्हंटी वनला हा केवढा होता?"

"चार वर्षांचा असेल. पण साहेब, इतिहासात इतकं बारीक कोणी बघत नाही."

इतिहास छापल्यावर कळलं की आपल्याकडे सात माजी कर्णधार आहेत आणि एकाचाही सत्कार झालेला नाही. मंडळावर हा डाग होता. तो आम्ही दरवर्षी एक मोठा समारंभ करून धुऊन काढला. उर्मिलाने शाली आणल्या. "पंधरा दिरहॅमला एक! म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये झाले रे. तिकडे सोलापूरला एवढ्यात चादर येते," असं ती शाल पांघरवतानाही म्हणाली, पण पांघरवली मनापासून. स्मृतिचिन्ह म्हणून रग्बीचे चेंडू द्यायचं ठरलं. संघासाठी आणलेले सगळे चेंडू सोनेरी रंग देऊन, लाकडी बैठकीवर स्क्रूने ठोकून, माजी कर्णधार, आजी पदाधिकारी आणि हॉल स्वस्तात देणाऱ्या जमालभाईंना वाटण्यात आले. टगबोटीच्या केबिनमध्ये सोनेरी चेंडू ठेवायला जागा नव्हती, म्हणून सात कर्णधारांचे चेंडू आमच्याच घरी राहिले.

"अनिलभाई, खेलना कब?" तोलुआ शालीतून विचारायचा. शारजाच्या उकाड्यात त्याच्या कपाळावरून घाम गळत असायचा आणि तरी तो हसत असायचा. हा माणूस मला मनापासून आवडायचा, हे इथे सांगायला हरकत नाही.

सत्कारांत आणि पत्रव्यवहारात आणखी काही डिसेंबर गेले आणि दोन हजार दोन साली क्लबचं पत्र आलं. प्रवेश मंजूर! आमचा इतिहास वाचून आयोजक भारावून गेले होते. मात्र तोच इतिहास त्यांच्या डॉक्टरांनीही वाचला होता. एकाहत्तर सालचे कर्णधार आज पन्नाशीचे तरी असणार आणि चाळिशीपुढच्या माणसाला मुख्य स्पर्धेत उतरवणं धोक्याचं, असं त्यांनी आपुलकीने कळवलं होतं. बाकीच्या सहा कर्णधारांनाही हाच नियम लागला.

"पासपोर्ट दाखवू ना," लोपीससाहेब म्हणाले. "त्यात डेट ऑफ बर्थ आहे."

मग सबनीस उठले. "पासपोर्ट दाखवला तर इतिहास खोटा ठरेल. स्मरणिकेच्या प्रती वाटून झाल्यात, त्याचं काय?"

पासपोर्ट की इतिहास यावर मतदान झालं आणि इतिहास एकमताने निवडून आला. साहेबांनीही हात वर केला, कारण त्यांचा फोटो त्यात पहिल्या पानावर होता.

तोलुआला हे सांगायला मीच गेलो. जेटीवर सिमेंटची धूळ उडत होती. तो दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून ऐकत राहिला.

"तो फिर खेलेगा कौन?"

"कमिटी खेलेगा," मी म्हणालो. "हम लोग का कोई हिस्टरी नहीं है ना. पण तू टेन्शन मत ले, हबीबी. तेरे को उधर लाइफटाइम अचीव्हमेंट देने का है."

त्याने मान खाली घालून दोरखंडाचं टोक वळायला घेतलं. मला वाटलं, आनंदाने गहिवरला असेल.

सामन्याचा दिवस उजाडला. विरुद्ध बाजूला अबू धाबीच्या इंग्रज मास्तरांचा संघ होता, सगळे तगडे आणि लालबुंद. आमच्या बाजूने कार्यकारिणी उतरली. सबनीसांनी बर्म्युडावर कोट घातला होता. मैदानाच्या मध्यरेषेवर आम्ही सात खुर्च्या मांडल्या आणि त्यांवर सात माजी कर्णधार बसवले. त्यांनी आईने शिवलेल्या जर्स्या घातल्या होत्या आणि त्यांवर आमच्या शाली होत्या. प्रत्येकाच्या मांडीवर श्रीफळ होतं.

दीपप्रज्वलनाला वाऱ्याने त्रास दिला. लोपीससाहेब, सबनीस आणि मी ओणवे होऊन समईला आडोसा करत असताना मास्तरांना वाटलं रग्बीतली ओणव्याने करायची रेटारेटी सुरू झाली, आणि त्यांच्यातले तिघे येऊन आमच्यावर पडले. गैरसमज दूर झाल्यावर सगळ्या मास्तरांचाही सत्कार करण्यात आला. माझी मुलगी मिहिका सूत्रसंचालन करत होती. "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," असं ती माईक बंद न करता म्हणाली. रेफ्रीने घड्याळ दाखवलं, तेव्हा मी त्याला हार घातला. तो शिट्टीत अडकला. प्रास्ताविक, मनोगत, कार्याध्यक्षांचं मनोगत, लाइफटाइम अचीव्हमेंट. मग रेफ्रीने चेंडू मागितला. सगळे चेंडू घरोघरच्या शोकेसमध्ये ठोकलेले होते! मास्तरांपैकी एकजण आपला चेंडू आणायला गाडीकडे धावला, तोवर मी आभार प्रदर्शन सुरू केलं. मी जमालभाईंच्या नावापर्यंत आलो आणि वेळ संपली. शून्य-शून्य. मोतुलेका अपराजित!

टाळ्या झाल्या. आम्ही समई उचलत होतो.

तेवढ्यात तोलुआ खुर्चीवरून उठला. त्याने समोर दूरवर, जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळतात त्या पांढऱ्या रेषेकडे पाहिलं, नारळ काखेत मारला आणि पळत सुटला.

एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग मास्तरांतला एक दाढीवाला ओरडला आणि गळ्यातल्या हारांसकट सगळे मास्तर त्याच्या मागे धावले. सहाही कर्णधार उठले. शाली उडाल्या, खुर्च्या पडल्या. एकाने अडवलं की तोलुआ नारळ मागे फेकायचा, भाऊ झेलायचा, तो अडला की त्याच्या मागचा, आणि नारळ फिरून पुन्हा तोलुआकडे. गॅलरीतली माणसं उभी राहिली. उर्मिलाने पदर खोचला. "पळ रे राजा, पळ! सोडू नकोस!" असं ती मराठीत ओरडत होती आणि त्याला ते समजत असावं असाच तो पळत होता. शेवटी दोन मास्तर पायांना लोंबकळत असताना त्याने स्वतःला पुढे झोकून दिलं आणि नारळ रेषेपलीकडे टेकवला. नारळ फुटला. पाणी गवतात गेलं. त्या वेळी माझ्याही घशातून एक मोठा आवाज निघाला आणि तो माईकवरून साऱ्या मैदानाला ऐकू गेला. त्याबद्दल मी कार्यकारिणीची लेखी माफी मागितली आहे.

तोलुआने लोपीससाहेबांचा मोबाइल मागून घेतला. आपल्या भाषेत तो बराच वेळ बोलला, हसला, रडला आणि मग नुसता फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडून कोणीतरी गात होतं.

चौकशी समिती लगेच नेमली गेली. सामना संपल्यावर झालेला प्रकार सामन्यात धरता येत नाही, सत्कारमूर्तींनी धावणं घटनेत बसत नाही आणि श्रीफळ ही मंडळाची मालमत्ता आहे, असा निष्कर्ष निघाला. संस्थापक-कर्णधार तोलुआ याचं नाव इतिहासातून वगळण्यात आलं. त्याने त्यावर काहीही कळवलेलं नाही. खेळायचं कधी, असंही तो आता विचारत नाही. हा प्रकार इतिहासात येणार नाही. इथे केवळ ओघात आला.

जाता जाता एक सूचना. या स्मरणिकेच्या मागच्या पानावर कार्यकारिणी छापली आहे. हा लेख वाचायच्या आधी तुम्ही ते पान उघडून आपलं नाव आहे का ते पाहिलंत. नाही म्हणू नका, सगळेच पाहतात. काळजी नसावी. तिथे नसलं तरी तोलुआची संस्थापक-कर्णधाराची जागा रिकामी झाली आहे, तिथे तुम्हालाच घेतलं आहे. खेळता येत नसलं तरी चालेल. फक्त समारंभाला वेळेवर या. शाल आणून ठेवली आहे, आणि नारळ आता आम्ही फोडूनच देतो.